बाबांचा स्नेअर ड्रम: वय आणि किंमत शोधताना

बाबांच्या जुन्या स्नेअर ड्रमचं वय आणि किंमत ठरवण्याचं काम नोव्हेंबर २०२४ मध्ये एकदाचं मार्गी लागलं. मार्चपासून चाललं होतं. स्नेअर म्हणजे काठ्यांनी वाजवायचा, खालच्या बाजूला तारा लावलेला बसका ड्रम. सुरुवातीला मराठीत या विषयावर काही मिळतंय का ते पाहिलं, तर हाती काहीच लागलं नाही. इंग्रजीत भरपूर आहे, पण ते सगळं अमेरिकेत बसून अमेरिकेतल्या लोकांसाठी लिहिलेलं. आपल्याकडे मुंबईत, वसईत, गोव्यात कितीतरी घरांत माळ्यावर अशी वाद्यं पडून आहेत. वाजवणारा गेला की घरच्यांना त्यातलं काही कळत नाही आणि भाव विचारणारा पहिला माणूस म्हणेल ती किंमत ठरते. तसं कुणाचं होऊ नये म्हणून जे जसं घडलं ते क्रमाने लिहिते आहे.

बाबा परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. दिवसा लेथ आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रा. गणपतीचे दहा दिवस ते आम्हाला घरी क्वचितच दिसायचे. २०२२ मध्ये ते गेले. आम्ही तीन भावंडं: ताई बेळगावला, धाकटा भाऊ पुण्याला आणि मी इथे डोंबिवलीत. मार्च २०२४ मध्ये जुनं घर रिकामं करताना सगळ्या सामानाचा निकाल लावायचा होता. जुनी वाद्यं घेणाऱ्या एका दुकानदाराचा माणूस आला, ड्रम उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "नऊ हजार देतो, आत्ता कॅश." ताई फोनवर म्हणाली, "देऊन टाक गं, कोण वाजवणार आहे?" भाऊ म्हणाला, "थांब, आधी ते आहे काय ते तरी बघू." मला तो विकायचाच नव्हता. पण मी ठेवून घेणार असेन, तर त्या दोघांच्या वाट्याचे पैसे द्यायला हवेत, हेही तितकंच खरं. मग रक्कम कुठली धरायची? हा सगळा खटाटोप त्या एका प्रश्नासाठी झाला.

पहिली गोष्ट मी ठरवली ती म्हणजे ड्रमला पॉलिश लावायचं नाही. घरी आलेला प्रत्येक जण ब्रासोची बाटली सुचवत होता. जुन्या वस्तूवरचा मळसुद्धा पुरावा असतो, आणि घासून गेलेलं परत आणता येत नाही. कोरड्या मऊ फडक्याने धूळ तेवढी पुसली.

एप्रिलमध्ये घरच्या घरी तपासणी केली. त्यासाठी लागलं ते एवढंच: फ्रिजवरचं लोहचुंबक, स्वयंपाकघरातला वजनकाटा, शिंप्याची टेप, टॉर्च आणि फोनचा कॅमेरा. ड्रमची चावी तेवढी नव्हती, ती धोबी तलावच्या एका दुकानात दीडशे रुपयांना मिळाली. चावीशिवाय पकडीने बोल्ट फिरवायला जाऊ नका, चौकोनी डोकी गोल होतात.

आधी मोजमाप. रिमवरून, म्हणजे वरखालच्या कड्यांवरून मोजायचं नाही, आतल्या पत्र्याचं, म्हणजे ड्रमच्या गोल अंगाचं मोजायचं. व्यास १४ इंच, उंची ५ इंच. पत्र्याच्या मधोमध बाहेर आलेली एक गोल कड, आणि भोवती लांब, उभे असे दहा लग, म्हणजे बोल्ट ज्यात फिरतात त्या डब्या. पत्र्यावर लावलेल्या बिल्ल्यावर 'लुडविग', म्हणजे ड्रम बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचं नाव, आणि खाली 'शिकागो, यू.एस.ए.' असं स्पष्ट वाचता येत होतं. पण बिल्ल्यावर विश्वास ठेवून थांबायचं नाही, हे मला वाचून कळलं होतं. साठच्या दशकात जपानी कंपन्यांनी लुडविगसारखे दिसणारे ड्रम भरपूर बनवले, आणि बिल्ला एका ड्रमवरून दुसऱ्यावर लावणं काही अवघड नाही. बिल्ल्याच्या मधून हवा जाण्याचं भोक असतं आणि त्या भोकात बसवलेल्या धातूच्या कड्यानेच तो बिल्ला पत्र्याला धरलेला असतो. ते कडं आतल्या बाजूने टॉर्च लावून पाहा. उचकटल्याच्या, पुन्हा ठोकल्याच्या खुणा असतील तर सावध व्हा. आमच्या ड्रमवर तशी एकही खूण नव्हती.

मग लोहचुंबक. वरखालच्या रिमना ते घट्ट चिकटलं, म्हणजे रिम पोलादी. पत्र्याला अजिबात चिकटलं नाही. याचा अर्थ पत्रा पोलादाचा नाही, तो पितळेचा किंवा अॅल्युमिनियमचा आहे. इथे किमतीत मोठा फरक पडतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

असा ड्रम म्हणजे लुडविगचं ४०० क्रमांकाचं मॉडेल, ते पुढे 'सुप्राफॉनिक' म्हणून ओळखलं गेलं. जगात सर्वांत जास्त रेकॉर्डिंगमध्ये वाजलेला स्नेअर हाच, असं ड्रमर मंडळी मानतात. अगदी सुरुवातीचे, १९६० च्या आसपासचे ड्रम पितळेचे होते आणि त्यावर क्रोमचा मुलामा होता. १९६३ च्या सुमारास कंपनीने पत्रा बदलून अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा केला, मुलामा क्रोमचाच ठेवला. बाहेरून दोन्ही सारखेच चकचकीत. पितळी ड्रम कमी बनले, म्हणून आज त्यांना कितीतरी पट किंमत येते. म्हणजे माझ्या हातात काय आहे ते आधी पत्र्यावरून ठरणार होतं.

वजन करून पाहिलं. भरलं साडेतीन किलोंच्या थोडं वर. पितळी असता तर याहून चांगलाच जड भरला असता. तरी वजनावरून एकदम निर्णय घेऊ नका, कारण रिम आणि लग बदललेले असतील तर आकडा फसवतो. खात्री पटली ती वरचं हेड, म्हणजे ज्यावर वाजवतात तो ताणलेला पडदा, काढल्यावर. क्रोम अॅल्युमिनियमवर नीट धरत नाही, आणि मुंबईची दमट हवा तर त्याची वैरीणच. आमच्या ड्रमवर जागोजागी बारीक फोड आले होते, काही फुटले होते. टॉर्चच्या उजेडात एका फुटलेल्या फोडाकडे निरखून पाहिलं तर कडेला पापुद्रा सुटलेला आणि आत पांढुरकी भुकटी. पितळ असतं तर खाली पिवळं दिसलं असतं किंवा हिरवट डाग आले असते, आणि पोलाद असतं तर तांबूस गंज. पांढरी भुकटी म्हणजे अॅल्युमिनियम. भाऊ व्हिडिओ कॉलवर होता, त्याला कॅमेरा जवळ नेऊन दाखवलं. तो केमिस्ट्रीचा माणूस, त्याने लगेच मान हलवली. पितळी निघावा अशी आशा मनात होती, ती तिथे संपली. वाईट वाटलं, पण निदान जमीन पायाखाली आली. एक सूचना: हे सुटलेले पापुद्रे ब्लेडसारखे कापतात, आतून हात फिरवताना जपा.

आता वय. लुडविगच्या बाबतीत बिल्ल्याचा आकार ही पहिली पायरी आहे, आणि त्यामागे त्या घराण्याचा इतिहास आहे. विल्यम लुडविग आणि त्याचा भाऊ थिओबाल्ड यांनी १९०९ मध्ये शिकागोत कंपनी काढली. १९२९ मध्ये ती कॉन या मोठ्या वाद्यकंपनीकडे गेली, आणि तिच्याबरोबर लुडविग हे नावही गेलं. विल्यमने १९३७ मध्ये 'डब्ल्यूएफएल' या आद्याक्षरांनी नवी कंपनी सुरू केली, आणि स्वतःचं नाव परत विकत घेतलं ते १९५५ मध्ये. त्यामुळे डब्ल्यूएफएल लिहिलेला बिल्ला दिसला की ड्रम जुना समजायचा. साठचं दशक म्हणजे 'कीस्टोन' बिल्ल्याचा काळ: दगडी कमानीच्या माथ्यावरचा पाचरीसारखा दगड असतो, तसा वर रुंद आणि खाली निमुळता. १९७० च्या आसपास निळ्या आणि हिरवट रंगाचा नवा बिल्ला आला. १९८० च्या दशकात कंपनी सेल्मर या दुसऱ्या वाद्यकंपनीकडे गेली आणि कारखाना शिकागो सोडून नॉर्थ कॅरोलायनातल्या मन्रो गावी हलला, म्हणून शिकागो लिहिलेल्या बिल्ल्याला वेगळा मान आहे. आमचा बिल्ला कीस्टोन होता. म्हणजे साठचं दशक नक्की झालं.

दशकातलं वर्ष शोधायला क्रमांक लागतो. लुडविगच्या बिल्ल्यावर क्रमांक ठोकायला सुरुवात झाली १९६३ च्या अखेरीला. त्याआधीचे कीस्टोन बिल्ले बिनक्रमांकाचे. आमच्या बिल्ल्यावर सहा आकडी क्रमांक होता, तीन लाखांच्या घरातला. मला वाटलं, झालं, आता कुठल्यातरी तक्त्यात क्रमांक घातला की वर्ष मिळेल. तसे तक्ते आहेतही. पण त्यातले दोन एकमेकांशी जुळत नाहीत, आणि कारण कळल्यावर मला त्या कारखान्याविषयी आपुलकीच वाटली. ९ फेब्रुवारी १९६४ च्या रात्री बीटल्स अमेरिकन टीव्हीवर एड सलिव्हनच्या कार्यक्रमात वाजवायला आले. सात कोटींहून जास्त लोकांनी तो पाहिला, आणि त्यांचा ड्रमर रिंगो स्टार याच्या मोठ्या ड्रमवर लुडविगचं नाव होतं. दुसऱ्या दिवसापासून अमेरिकेतल्या पोरांना तेच ड्रम हवे झाले. शिकागोच्या नॉर्थ डेमन अॅव्हेन्यूवरचा कारखाना रात्रंदिवस चालू लागला. अशा गर्दीत बिल्ले क्रमाने कोण लावणार? खोक्यात हात घालून जो येईल तो लावायचा. म्हणून क्रमांकावरून नेमकी तारीख निघत नाही, साधारण काळ निघतो.

मग तो काळ तरी कशावरून ठरवतात? लाकडी ड्रमवरून. लुडविगच्या साठच्या दशकातल्या बऱ्याच लाकडी ड्रमच्या आत लाल शाईने तारखेचा शिक्का मारलेला असतो. हौशी लोकांनी वर्षानुवर्षं अशा शिक्क्यांच्या तारखा आणि त्याच ड्रमच्या बिल्ल्यांचे क्रमांक जुळवून याद्या बनवल्या आहेत. धातूच्या ड्रममध्ये शिक्का सहसा नसतो. आमच्यातही नव्हता. पण आमच्या क्रमांकाच्या मागचे पुढचे लाकडी ड्रम शोधले तेव्हा १९६६ आणि १९६७ हीच वर्षं पुन्हा पुन्हा दिसली. त्यातून तारा चालू-बंद करण्याचा बाजूचा खटका पी-८३ या जातीचा होता. साठच्या दशकातल्या ४०० वर तोच येई, पुढे पी-८५ आला. तेव्हा बिल्ला, क्रमांक, पत्रा आणि खटका या चारही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या. त्यातली एकही वेगळं बोलली असती तर मला पुन्हा पहिल्यापासून पाहावं लागलं असतं.

पाचवा पुरावा घरातच निघाला. बाबा हिशेबाची वही ठेवत. १९७४ च्या वहीत मे महिन्यात त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं सापडलं: 'साइड ड्रम, धोबी तलाव, रु. ६५०. रोख २५०, बाकी दोन हप्ते.' साइड ड्रम म्हणजे स्नेअरच. विकणारा एक गोवेकर ड्रमर होता, एवढं आई सांगायची. तो कुडात, म्हणजे गोव्यातल्या त्या त्या गावच्या लोकांनी मुंबईत राहण्यासाठी चालवलेल्या खोल्यांत, राहायचा आणि आधी जहाजावरच्या बँडमध्ये होता. त्या काळात परदेशी वाद्य दुकानातून सहज मिळत नव्हतं, ते असंच हातोहात यायचं. वहीतली ही ओळ वय सांगत नाही, पण १९७४ च्या आधीचा ड्रम आहे हे कागदावर सिद्ध करते. मूळ मालकाच्या वह्या, पावत्या, कार्यक्रमाचे फोटो रद्दीत घालू नका. पुढे मूल्यांकन करणाऱ्याने सगळ्यांत आधी तेच मागितलं.

मे महिन्यात ड्रम घेऊन वसईला गेले. बाबांच्या बरोबर वाजवलेले एक अंकल तिथे राहतात, आता ऐंशीच्या पुढचे. गिरिजाघराच्या वरातीत आणि लग्नाच्या बँडमध्ये त्यांनी आयुष्य घालवलं. लोकलमधून नेताना ड्रम जुन्या चादरीत गुंडाळून मोठ्या पिशवीत घातला होता. अंकलनी आधी तो वाजवलाच नाही. मांडीवर घेतला, रिमवरून बोट फिरवत एकेका बोल्टशी थांबत गेले. दोन बोल्टांशी आल्यावर म्हणाले, "बाय, हे दोन तुझ्या बापाने केलेत."

मला तोवर दहाही बोल्ट सारखेच वाटत होते. त्यांनी एक मूळ बोल्ट आणि एक बाबांचा असे काढून माझ्या तळहातावर ठेवले. मूळ बोल्टचं चौकोनी डोकं धारदार कडांचं, वर गुळगुळीत क्रोम. बाबांच्या बोल्टचं डोकं किंचित ठेंगणं, कडा हाताने कानस मारून मोडलेल्या आणि दांड्यावर लेथच्या हत्याराच्या बारीक गोल रेघा. मुलामा नाही, नुसतं पोलाद, तेल लावून लावून काळं पडलेलं. अंकल सांगत होते, अमेरिकन ड्रमच्या बोल्टला इंचाला २४ आटे असतात, इथले मिलिमीटरचे बोल्ट त्यात बसत नाहीत, जबरदस्तीने बसवले तर लगमधला नट जातो. १९७८ की ७९ साली गणपतीच्या तोंडावर दोन बोल्ट हरवले. बाजारात मिळेनात. बाबांनी जेवणाच्या सुट्टीत दोन बोल्ट बनवून आणले आणि त्याच रात्री कार्यक्रम झाला. पंचेचाळीस वर्षं झाली, ते दोन्ही बोल्ट अजून सुतासारखे फिरतात. मी तिथेच रडले. अंकलनी रडू दिलं, मग चहा मागवला.

किमतीबद्दल ते एवढंच म्हणाले, "मुंबईत वाजवणारा पोरगा वीस-पंचवीस हजार देईल. पण त्याला हा काय आहे ते माहीत पाहिजे." हा पहिला खरा आकडा. मी तो तारखेसह लिहून ठेवला.

कागदावर मूल्यांकन हवं होतं, कारण ताईला तोंडी आकडा पुरेसा वाटत नव्हता, आणि ते योग्यच होतं. भारतात जुन्या पाश्चात्त्य ड्रमचं लेखी मूल्यांकन देणारं मला कुणी भेटलं नाही. दागिन्यांचे व्हॅल्युअर आहेत, पण त्यांनी हात वर केले. शेवटी शिकागोजवळ राहणारे, जुने लुडविग दुरुस्त करणारे एक गृहस्थ फोटोंवरून लेखी अंदाज देतात असं कळलं. फी ५० डॉलर, त्या वेळच्या दराने साधारण ४,२०० रुपये. बँकेतून परदेशी पैसे पाठवायचे तर ए-२ फॉर्म, पॅन, पैसे कशासाठी पाठवताय त्याचा कोड आणि वर बँकेचं शुल्क, एवढ्याशा रकमेला ते झेपणारं नव्हतं. कार्डाने सोपं पडतं. फक्त लक्षात ठेवा, २०२० पासून नवीन कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, बँकेच्या अॅपमध्ये जाऊन ते आपण चालू करावे लागतात. पैसे गेले की परत बंद करा.

त्यांनी फोटोंची यादी पाठवली आणि त्यातच माझा जून गेला. बिल्ला अगदी समोरून, क्रमांक वाचता येईल असा. खटका दोन्ही बाजूंनी. हेड काढून आतला पत्रा चारी बाजूंनी. पत्र्याचा वरचा काठ, आणि खालच्या काठाला तारांसाठी दिलेला किंचित उतार. दहाही बोल्ट एका रांगेत. सगळ्यांत खराब जागा मुद्दाम जवळून. फ्लॅश लावला की क्रोमवर फक्त पांढरा झोत दिसतो, म्हणून खिडकीशी, ढगाळ सकाळी फोटो काढा. पावसाळ्यात तेवढं एक सुख आहे. मी बाबांच्या वहीतल्या पानाचा फोटोही जोडला आणि खाली इंग्रजीत अर्थ लिहिला.

उत्तराला बराच वेळ लागला. जुलै सगळा वाट पाहण्यात गेला. पैसे बुडाले की काय असं भाऊ म्हणू लागला. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात दोन पानी पत्र आलं. ४०० क्रमांकाचा ड्रम, अॅल्युमिनियमचा पत्रा, काळ १९६६ ते १९६७. क्रोमला मध्यम ते जास्त फोड, पत्रा गोल आहे, काठ शाबूत, खटका मूळचा, दोन बोल्ट मूळचे नाहीत, तारा आणि हेड नंतरची. अमेरिकेत आहे त्या स्थितीत ४०० ते ४५० डॉलर. हेड आणि तारा बदलल्याने किंमत उतरत नाही, त्या झिजायच्याच वस्तू आहेत. मुलामा पुन्हा चढवू नका, असं त्यांनी ठळक लिहिलं होतं. ताजं क्रोम चढवलेला ड्रम डोळ्यांना छान दिसतो, पण संग्राहक त्याला कमी पैसे देतात. बोल्टांबद्दल त्यांचा सल्ला असा: मूळ जातीचे दोन बोल्ट घेऊन बसवा, काढलेले दोन्ही बोल्ट पिशवीत घालून ड्रमबरोबर ठेवा आणि ते कुणी बनवले ते चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठी लिहिली. बोल्ट मात्र मी बदलले नाहीत.

त्या आकड्याची मी स्वतःही पडताळणी केली. रिव्हर्ब आणि ईबे या खरेदी-विक्रीच्या दोन्ही वेबसाइटवर असे ड्रम शेकड्यांनी दिसतात, आणि विकणारे वाट्टेल ते भाव लावतात. मागितलेल्या भावाला काही अर्थ नाही. 'विकले गेलेले' एवढेच दिसतील असा पर्याय निवडा, मग खरी रक्कम दिसते. त्यातही फोड आलेले आणि न आलेले वेगळे काढले. स्वच्छ क्रोमचे सहाशेच्या पुढे गेलेले दिसले, आमच्यासारखे साडेतीनशे ते पाचशेच्या मध्ये. पत्रातला आकडा बरोबर बसत होता.

पण मग दुसरा पेच. शिकागोतले ४५० डॉलर म्हणजे डोंबिवलीतले किती? सरळ गुणाकार केला तर ३७-३८ हजार. ते पदरात पाडायचे तर ड्रम तिकडे पाठवायला हवा. पोस्टात चौकशी केली: सीएन-२३ हे कस्टम्सचं घोषणापत्र, ओळखपत्र, आतल्या वस्तूची किंमत आणि वजनावर टपालखर्च. भाडं, पॅकिंग आणि विक्रीचं कमिशन वजा जाता हातात पंचवीस हजारांच्या आसपास उरत होते, म्हणजे अंकलनी सांगितलेलाच आकडा. याउलट हाच ड्रम उद्या चोरीला गेला आणि मला तसाच परदेशातून मागवायचा झाला, तर भाडं आणि आयात शुल्क धरून खर्च साठ हजारांच्या पुढे जातो. एकाच वस्तूच्या या तीन किमती, आणि तिन्ही खऱ्या.

आम्ही तिघं ऑक्टोबरात दिवाळीच्या आधी पुण्याला भावाकडे बसलो. ताईने सगळे कागद वाचले. तिचं म्हणणं, हातात पडतील तेवढेच धर, उगाच जास्त देऊ नकोस. भाऊ म्हणाला, बाजारभाव तो बाजारभाव. शेवटी पत्रातल्या ४०० ते ४५० डॉलरचा मधला आकडा धरला, साधारण ३६ हजार. प्रत्येकाचे बारा. मी दोघांना बारा-बारा हजार बँकेतून पाठवले, आणि साध्या कागदावर ड्रमचं वर्णन, बिल्ल्याचा क्रमांक, रक्कम आणि तिघांच्या सह्या असं लिहून घेतलं. क्रमांक लिहायला विसरू नका. 'बाबांचा ड्रम' एवढंच लिहिलं तर वीस वर्षांनी मुलांना त्यातून काही कळणार नाही.

राहिला विमा. आमच्या घराच्या पॉलिसीचं नूतनीकरण नोव्हेंबरात होतं. भारत गृह रक्षा या प्रकारात घरातलं सर्वसाधारण सामान धरलं जातं, पण मौल्यवान वस्तू आधी किंमत ठरवून वेगळ्या लिहून घ्याव्या लागतात. पहिल्या अधिकाऱ्याने 'वाद्य कुठल्या रकान्यात बसतं' हे कळेना म्हणून अर्ज परत पाठवला. दुसऱ्यांदा मी मूल्यांकनाचं पत्र, फोटो आणि परदेशातून मागवण्याच्या खर्चाचा हिशेब जोडला आणि रक्कम साठ हजार लिहिली. एक लाखाच्या आतल्या एकेका वस्तूला मूल्यांकनाचा दाखला सक्तीचा नाही असं त्या वेळी सांगण्यात आलं, तरी पत्र जोडल्यामुळेच पुढे प्रश्न आले नाहीत असं मला वाटतं. हप्ता वाढला तो काही शे रुपयांनीच. २१ नोव्हेंबरला पॉलिसीचा कागद आला, त्यात ड्रमची वेगळी ओळ आणि बिल्ल्याचा क्रमांक आहे.

ड्रम आता माझ्याकडे आहे. नवं हेड सतराशेला पडलं, ते अंकलनी बसवून दिलं. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत गेले, म्हणजे पत्र्यावर एका बाजूने ताण येत नाही. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत ओल धरते. सुती कापडात ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि महिन्याला एकदा उघडून वारा द्या. नऊ हजारवाला माणूस डिसेंबरात पुन्हा फोन करून गेला, पंधरापर्यंत चढला होता. बाबांच्या दोन झांजा अजून तपासायच्या आहेत. त्यांच्यावरचा शिक्का पुसट झाला आहे, त्यामुळे तिथे वजन आणि हातोडीच्या खुणांपासून सुरुवात करावी लागेल असं अंकल म्हणतात.